कुंभारणीचं घर

आमच्या आणि वहिनींच्या घरामधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधायला काढली तेव्हा पुरुषभर उंच करायचं ठरलं होतं. पण अर्ध्यात विटा संपल्या, मग सिमेंट संपलं, मग दोन्ही घरचा उत्साह. त्यामुळे ती नेमकी कोपरं टेकायच्या बेताची राहिली. उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया वाळतात, पावसाळ्यात पायपुसणी, आणि गल्लीतल्या बातम्या बारमाही.

कोजागरीनंतरचा तिसरा-चौथा दिवस असेल. बाकीच्या गावांत दसऱ्याला देवी उठतात, आमच्या खामगावात मोठी देवी कोजागरीला बसते. गावभर रोषणाई, रस्त्यानं चालायला जागा नाही, आणि इकडं वहिनींचं तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, पायलं का वं? काल वाटीएवढा होता. आज परात झाली त्याची."

मी वाकून पाहिलं. त्या रोज सकाळी जिथं रांगोळी काढतात, त्याच्या दोन हात पलीकडं भाऊंचा ट्रक उभा आणि त्याच्या पोटाखाली काळाभोर डाग. कडेनं कुत्र्याची पावलं उमटलेली, थेट आमच्या फाटकापर्यंत.

"तेल गयून रायलं. सांगून सांगून जीभ झिजली माही. रविवारी मेहकरचे पाहुणे येतीन घर पाहाले. पोरीचा बाप गाडीतून उतरला का पहिला पाय तेलात. मंग काय सांगू त्याले, शकुनाचं हाय म्हणून?"

पाहुण्यांचं मला ठाऊक होतं, नव्हे, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मेहकर म्हणजे घाटावर. आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत. घाटाखाली आम्ही, म्हणजे खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. घाटाखालच्यांना वाटतं वरचे लोक जरा ताठ, वरच्यांना वाटतं खालचे लोक बडबडे. समृद्धी महामार्गही त्यांच्याच उशाशी गेला, आमच्या वाट्याला जुना सहा नंबरचा हायवे. आता कागदावर त्याचा त्रेपन्न झालाय, पण ट्रकवाल्याच्या तोंडी सहा तो सहाच. तर सांगायचं काय, वरच्या मजल्यावरचे पाहुणे खाली उतरणार आणि दारात तेलाचं तळं. वहिनींची घालमेल मला कळत होती.

भाऊंची गाडी म्हणजे टाटाची बारा-दहा. हा आकडा उगाच नाही. बारा म्हणजे गाडी आणि माल मिळून बारा टन, दहा म्हणजे शंभराच्या आसपास घोडे. आत इंजिन ६९७. सहा सिलिंडर, एकेकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून सहा-सत्त्याण्णव, आणि एकंदर ५,६७५ सीसी. १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये करार सरला, तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला. पण जुने ड्रायव्हर पुढं कित्येक वर्षं टाटाच्या गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत. माझे वडीलही म्हणत. ते हायवेच्या कडेला टिनाच्या शेडात ट्रक दुरुस्त करायचे. माझ्या शाळेच्या सुट्ट्या तिथं गेल्या आहेत, पॅकिंग कापण्यात आणि नट-बोल्ट डिझेलमध्ये धुण्यात. लग्नानंतर मात्र गल्लीनं मला विचारलं ते लोणच्याच्या मसाल्याचं. ऑइलचं कोणी विचारलं नव्हतं.

गाडी पूर्ण पावसाळा उभी होती. का उभी होती याची गल्लीत तीन कारणं चालू होती. हप्ते थकले, बँकवाले ओढून नेणार आहेत, म्हणून भाऊ तिला हलवत नाहीत, हे एक. ड्रायव्हर पळाला आणि चावी घेऊन पळाला, हे दुसरं. तिसरं इथं लिहिण्यासारखं नाही. खरं कारण साधं होतं. मागचे दोन टायर गेलेले आणि पावसाळ्यात भाडं नाही. सोयाबीन निघालं, बाजार समितीत पोती यायला लागली, तेव्हा भाऊंनी टायर घातले आणि पहिली खेप भरली. सरकीची ढेप, बुलढाण्याला. गाडी बोथ्याचा घाट चढली, माल उतरवला, रात्री परत आली. सकाळी दारात वाटीएवढा डाग.

आता डाग पडला म्हटल्यावर वैद्य जमणारच. पहिले आले भाऊंचे ट्रान्सपोर्टातले दोस्त. खाली वाकले, क्लच हाऊसिंगच्या बुडाशी लोंबणारा थेंब पाहिला आणि उठतानाच निकाल दिला, "क्रँक सील गेलं." म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, मग कुठं ते मागचं सील दिसणार. दोन दिवस गाडी उभी आणि मजुरी वेगळी. दुसरा आला पुतण्या. त्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं की एक बाटली मिळते, ऑइलमध्ये ओतली की गळती आपोआप बंद. तिसरा, कोपऱ्यावरचा दुकानदार, म्हणाला जाड ऑइल टाका. आणि समोरच्या आजींनी खिडकीतूनच सांगून टाकलं, "नजर लागली. नवे टायर कायले एवढे धुवून-पुसून दाखवत होता? लिंबू बांध."

चौघांत मला आजींचा उपाय त्यातल्या त्यात बरा वाटला. लिंबानं निदान नुकसान तरी होत नाही. बाटलीतल्या औषधानं रबरी सील थोडे दिवस फुगतात, कागदाच्या नि बुचाच्या पॅकिंगला त्याचा काही उपयोग नाही. जाड ऑइलनं थेंब जरा उशिरा पडतो, पण थंडीच्या सकाळी गाडी चालू केली की ते ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायलाही तेवढाच उशीर करतं.

"वहिनी, भाऊंना म्हणा गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. आज रात्री खाली एक मोठा खोका फाडून अंथरा."

"खोका? त्यानं तेल थांबते?"

"थांबत नाही. पण कुठून पडतं ते लिहून ठेवतं."

वडिलांची ही पहिली पायरी. गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरायचा, पुढचं चाक कुठं आहे त्याची कोळशानं खूण करायची आणि झोपायचं. सकाळी पुठ्ठा घेऊन वहिनी भिंतीवर हजर. लग्नपत्रिका दाखवावी तसा उलगडला त्यांनी तो. मागच्या बाजूला मोठा डाग, मधे दोन-चार थेंब, आणि अगदी पुढं, पंख्याच्या अंगाला, रुपयाएवढा एक.

"आता वास घ्या," मी म्हटलं.

वहिनींनी पदर नाकाला लावला, मग काढला. हिंग कोणत्या डब्यातला आणि तूप किती दिवसांचं हे वासावर ओळखणारी बाई. हे तर सोपं होतं. ट्रकच्या पोटातून चार-पाच तऱ्हेचे पातळ पदार्थ गळू शकतात आणि प्रत्येकाचा वास निराळा. डिझेल पातळ, वास लगेच नाकात. गिअर ऑइल दाट, त्याला गंधकाचा कुजका दर्प. रेडिएटरचं पाणी कूलंट घातलेलं असलं तर हिरवट आणि चिकट गोडसर वासाचं. ते चाखायचं नाही बरं का, विषारी असतं. आणि इंजिनचं ऑइल काळं, जळक्या वासाचं. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गळलं काय आणि क्रँकच्या मागच्या सीलमधून गळलं काय, थेंब त्याच एका भोकातून खाली पडतो. तिथं डोळे उपयोगी नाहीत, नाक लागतं.

"जयकंच हाय," वहिनी म्हणाल्या. "कुजकं नाई."

चला, गिअरबॉक्स सुटला.

पण इंजिनचं ऑइल मागून पडतं म्हणजे ते मागूनच निघतं असं नाही. पंख्याचा वारा मागं, गाडी धावताना रस्त्याचा वारा मागं, आणि तेलाचा ओढा खाली. वर पुढं कुठंही पाझर फुटला तरी तो इंजिनच्या अंगावरून ओघळत, धूळ गोळा करत, शेवटी मागच्या खालच्या कोपऱ्यात येऊन लोंबतो. आमच्या गल्लीतल्या बातमीसारखंच. ऐकू येते आजींच्या खिडकीतून, सुरू झालेली असते भलतीकडंच.

दुसऱ्या पायरीला भाऊंना भिंतीजवळ बोलावणं आलं. पन्नाशीचा गडी, पण बायकांच्या सांगण्यावरून इंजिन धुवायचं म्हणजे त्यांना कसंसंच झालं होतं. "मिस्त्रीले दाखवू ना उद्या," असं दोनदा म्हणून पाहिलं. वहिनींनी नुसतं "रविवार" एवढा एकच शब्द उच्चारला. मग ब्रश, डिझेल, कपड्याचा सोडा, पाणी, सगळं निघालं. इंजिन थंड असताना धुतलं, डायनॅमो आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकनं बांधून. वर्षांचा थर होता. भाऊंना स्वतःच्या इंजिनचा रंग त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असावा.

वाळल्यावर मी वहिनींना आतून पावडरचा डबा आणायला सांगितलं.

"कोणती, तोंडाची?"

तोंडाचीच. धुतलेल्या कोरड्या इंजिनवर पांढरी पावडर फुंकरून मारायची, पट्टा आणि पंखा सोडून. मग गाडी स्लोवर चालू करायची आणि बॅटरी हातात घेऊन हात लांब ठेवून नुसतं बघत बसायचं. पांढऱ्यावर काळं लपत नाही. वहिनी भिंतीवर रेलल्या, मी इकडून, आजी खुर्ची घेऊन रस्त्यातच बसल्या. मोगऱ्याच्या वासाचं इंजिन मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दहा मिनिटं काही नाही. इंजिन तापलं, भाऊंनी जरा रेस दिली, आणि वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर ओली झाली. केसाएवढी काळी रेघ खाली निघाली. ब्लॉकवरून, नळीला वळसा घालून, थेट क्लच हाऊसिंगवर. "हे पाहा तुमचं क्रँक सील," मी म्हणणार, एवढ्यात भाऊ पुढून ओरडले. टायमिंगच्या झाकणाशी दुसरी रेघ. आणि बाजूच्या एका छोट्या झाकणाच्या कडेनं तिसरी.

इथं मी गप्प झाले. एक पॅकिंग जातं, जातंच. जुनी गाडी, बूच वाळतं, तडकतं. पण मे महिन्यापर्यंत कोरडी असलेली गाडी चार महिने उभी राहते आणि एका घाटात एकदम तीन जागी फुटते? तीन पॅकिंगं काय ठरवून एकाच दिवशी जातात?

आणि मग वहिनीच बोलल्या. विषय काढला कुकरचा.

"ताई, हे तं माह्या कुकरावानी झालं. दोनदा रबर बदललं, तरी कडेनं वाफ. मंग पायलं तं शिट्टीच्या नयीत तुरीची दाय बसलेली."

मी भिंतीवरून हात लांब करून त्यांच्या पाठीवर थाप मारली. अगदी खरं सांगते, माझ्या वडिलांनी हे मला अर्धा तास समजावलं असतं. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी प्रत्येक स्फोटाला थोडा धूर त्यांच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरकडं निसटतोच. त्याला बाहेर जायला एक वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. इंजिनच्या डोक्याकडून एक पाईप निघतो आणि जमिनीकडं तोंड करून लोंबतो. ती वाट बंद झाली की आत दाब चढतो, आणि दाबाला जिथं म्हणून कच्ची जागा सापडेल तिथून तो तेल बाहेर ढकलतो. सपाट रस्त्यावर कमी, भरल्या गाडीनं घाट चढताना जास्त. तुम्ही सील बदला, पॅकिंग बदला, नवं ऑइल घाला. कुकरचं रबर दहा वेळा बदलल्यासारखं.

खात्री करायला एक साधी परीक्षा आहे. गाडी स्लोवर चालू ठेवून वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करायचं आणि भोकावर नुसतं उपडं ठेवायचं. हलका धूर आला, झाकण जागच्या जागी थरथरलं, तर ठीक. भाऊंनी आटे सोडले मात्र, झाकण टणकन उडून बोनेटला लागलं. तेलाचा एक फवारा त्यांच्या बनियनवर. आजी म्हणाल्या, "अगाई, भूत निघालं!"

आता हे भूत दोन ठिकाणचं असू शकतं. एक, रिंगा आणि बोअर झिजलेले. मग इलाज मोठा, हाफ इंजिनचं काम, सोयाबीनचा अख्खा हंगाम त्यात जातो. दोन, ब्रीदर चोंदलेला. त्याचा इलाज तारेचा तुकडा. भाऊंचा चेहरा मला बघवेना. ते खाली झोपले, पाईपाचं तोंड चाचपलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काय हाय?" वहिनी.

"माती."

पाईप काढून त्यांनी भिंतीवर आणून ठेवला. तोंडाशी वाळलेल्या चिखलाचा बोळा, पण नुसता बोळा नव्हे. नीट थापलेला, बोटाच्या पेराएवढ्या कोठड्या पाडलेल्या, वर गुळगुळीत लिंपण. पावसाळाभर गाडी हलली नाही, पाईपाचं तोंड आडोशाचं, खाली अंगणात ओली माती. कुंभारणीनं घर केलं होतं. तारेनं एक कोठडी फोडली तर आत लहान लहान कोळी ठासून भरलेले, पाय पोटाशी घेतलेले. कुंभारीण कोळ्याला मारून टाकत नाही, नांगी मारून लुळा करते, म्हणजे तिची अळी बाहेर येईल तेव्हा खाणं ताजं मिळतं. आजींनी मात्र पोथीतलं सांगितलं, की भिंगुरटी किड्याला टोचून टोचून स्वतःसारखं करून घेते, गुरू शिष्याला करतो तसं. मी वाद घातला नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोळी खातात का शिकवतात यानं काय फरक पडतो?

"बायंतिणीचं घर मोडलं रे बाबा," एवढं मात्र त्या म्हणाल्या. "पण शुभ हाय. जिथं कुंभारीण घर करते तठी लगीन होते."

हे आजींचं स्वतःचं शास्त्र असावं. वहिनींनी मात्र लगेच पदर डोक्यावर घेतला. भाऊंनी ती ढेकळं फेकली नाहीत. काडेपेटीत घालून खिशात ठेवली.

पाईप धुऊन बसवला, गाडी चालू केली, झाकण पुन्हा उपडं ठेवलं. जागच्या जागी थरथरत राहिलं, शहाण्या मुलासारखं. टायमिंगकडची रेघ त्याच दिवशी आटली. क्रँक सीलला तर कधी काही झालंच नव्हतं. राहिले दोन पाझर, टॅपेट कव्हर आणि ते बाजूचं छोटं झाकण. दाबानं त्यांची पॅकिंगं खरंच उखडली होती.

टॅपेट कव्हरची गोष्ट अशी की तिथं माणसाचा हातच वैरी. गळतंय म्हटलं की प्रत्येक जण पाना घेऊन बोल्ट आवळतो. बुचाचं पॅकिंग पिळून बाहेर येतं, पत्र्याच्या झाकणाची कड बोल्टापाशी खाली दबते, आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. मग आणखी आवळतो. भाऊंनी झाकण काढून उपडं धरलं तर कड लाटांसारखी झालेली. ते लाकडी फळीवर ठेवून हातोडीनं हलके हलके सरळ केलं, जुनं पॅकिंग खरवडलं, नवं बसवलं, आणि बोल्ट मधून सुरू करून एक इकडचा, एक तिकडचा असे बेतानं आवळले. सिलिकॉनची ट्यूब ते घेऊन आले होते, ती मी त्यांच्याकडून काढूनच घेतली. चपातीला तूप लावल्यासारखी लोक ती लावतात. बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, त्याच्या शेवया तुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती थांबते, इंजिन जाम होतं.

छोट्या झाकणाचं कागदी पॅकिंग बाजारात त्या संध्याकाळी मिळेना, देवीमुळे अर्धी दुकानं बंद. पॅकिंगचा कोरा कागद मात्र भाऊंच्या पेटीत गुंडाळी करून ठेवलेला होता.

"द्या इकडं," मी म्हटलं.

किती वर्षांनी केलं ते. झाकण भिंतीवर ठेवलं, त्यावर कागद. आधी बोल्टाची भोकं. बेअरिंगमधली लोखंडी गोळी कागदावर भोकाच्या जागी ठेवायची आणि वरून हातोडीचा एकच ठोका. कागदाची टिकली गोल कापून आत पडते. दोन भोकांत बोल्ट घालायचे, म्हणजे कागद सरकत नाही. मग हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं टिचक्या, मारायचं नाही, टिचक्या. झाकणाची धारच कात्री होते, कागद आपोआप सुटत येतो. टक टक टक टक. वडिलांच्या शेडात दुपारी दुसरा आवाजच नसायचा. वहिनी बघत राहिल्या.

"तुमी कधी सांगतलं नाई वं हे."

काय सांगणार? लोणचं विचारलंत, लोणचं सांगितलं.

भाऊंनी तेवढ्यात ऑइल पाईपाच्या तांब्याच्या वायसरी दाखवल्या. जुन्याच परत घालू का, म्हणाले. तांब्याची वायसर एकदा दाबली गेली की कडक होते, दुसऱ्यांदा बसत नाही. पण फेकायचीही गरज नसते. वहिनींच्या गॅसवर चिमट्यात धरून लालबुंद केली, पाण्यात सोडली, की पुन्हा मऊ. पोलादाचं उलट, ते असं केलं तर कडक होतं. गॅसवर वायसर तापवल्याबद्दल मात्र वहिनींनी आम्हा दोघांनाही बोलून घेतलं, कारण बाजूला दूध होतं.

हिशेबाचं एक सांगायचं राहिलं. भाऊंचं म्हणणं होतं, थेंबच तर पडतोय, लिटरभर जादा ऑइल गाडीत ठेवलं की झालं. वीस थेंबांचा ढोबळमानानं एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं. आणि तेल फक्त जमिनीवर पडत नाही, तापलेल्या सायलेन्सरच्या मुळाशी पडलं तर धूर, कधी आगही. क्लच प्लेटवर गेलं तर भरली गाडी घाटात नुसती रेस होते, चढत नाही. हे ऐकल्यावर ते गप्प बसले, पण ऑइलचा डबा काही गाडीतून काढला नाही. ड्रायव्हर लोकांचं असं असतं.

शनिवारी सगळी गल्ली डागाच्या मागं लागली. आजींनी चुलीतली राख दिली, सुताराकडून भुसा आला, तो रात्रभर पसरून सकाळी झाडला, मग सोड्यानं घासलं. गेला बऱ्यापैकी. पण सिमेंटनं जे आत ओढून घेतलं ते कुठलं जायला? करड्या रंगाचा परातीएवढा गोल राहिलाच. वहिनींनी अक्कल लढवली आणि त्याच गोलावर रांगोळी काढली. आणि भाऊंना बजावलं, गाडी आज गल्लीच्या बाहेर.

रविवारी अकराच्या सुमाराला पाहुणे उतरले. मी भिंतीपाशी कोथिंबीर निवडत होते, अगदी योगायोगानं. मुलीचे वडील उंच, शांत, घाटावरचे शोभतील असे. पहिला पाय दारात ठेवायच्या आधी ते थांबले. रांगोळीकडं पाहिलं. चप्पल काढून खाली वाकले, रांगोळीच्या कडेला जिथं सिमेंट काळपट होतं तिथं बोट घासलं, बोट नाकाशी नेलं.

"गाडी कोणती हाये?"

"बारा-दहा," भाऊ म्हणाले.

"क्रँक सील गेलं."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी कोथिंबिरीकडं. भाऊ एक क्षण थांबले, मग सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढून पाहुण्यांच्या हातावर ठेवली. ते दोघं तिथंच, उन्हात, दारात उभे राहून पाऊण तास बोलत होते. आत पोहे गार झाले, मुलाला कोणी काही विचारलं नाही, मुलीची आई आणि वहिनी एकमेकींना पंखा घालत बसल्या.

निघताना पाहुणे म्हणाले, "घरी विचार करून कळवतो."

मंगळवारी वहिनी भिंतीवर आल्या. फोन आला होता, भाऊंनी घेतला, वीस मिनिटं चालला.

"काय म्हणाले?"

"त्यायच्या ट्रॅक्टरचा तो पाईप कोण्या बाजूनं असते, ते विचारत होते."

"आणि सोयरिकीचं?"

"तेच तं. मी म्हटलं यायले, पोरीचं काय म्हन्ले? तं म्हन्ते, अरे, ते विचाराचं रायलंच."

भाऊ अंगणात होते. वहिनींनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "ताई, वाटीभर शेंगदाणे देता का? पुढच्या रविवारी पुन्हा पोहे करा लागतीन. पाईप घेऊन येऊन रायले ते."